अमेरिकेचा सर्वांत मोठा राष्ट्राध्यक्ष कोण? माझं मत लिंकनला

सातपुडा

मंडळी, खानदेशातल्या एका शाळेत अठ्ठावीस वर्षं इतिहास शिकवला. अमेरिकेचा धडा आला की वर्गातून एक प्रश्न हमखास यायचा, "सर, त्यांचा सगळ्यात मोठा अध्यक्ष कोण?" मी दरवर्षी "लिंकन" म्हणायचो आणि तेवढ्यात तास संपायचा. आता निवृत्त झालोय, तासाची घाई नाही, म्हणून ते उत्तर नीट मांडून बघतो. पटलं नाही तर खोडून काढा, पण पुराव्यानिशी.

तिकडचे अभ्यासकही बहुतेक हेच म्हणतात. सी-स्पॅन वाहिनीने २०००, २००९, २०१७ आणि २०२१ अशी चार वेळा इतिहासकारांची मतं घेतली, चारही वेळा लिंकन पहिला आला. पण माझं कारण त्यांच्या गुणतालिकेतलं नाही. मला लिंकन मोठा वाटतो तो खुर्चीवर बसून बदलत गेला म्हणून. सत्ता मिळाली की माणसाचं शिकणं थांबतं, असंच सहसा पाहायला मिळतं. याचं उलट झालं.

मार्च १८६१ मध्ये शपथ घेताना त्याने स्पष्ट सांगितलं होतं की ज्या राज्यांत गुलामगिरी आहे तिथे तिला हात लावण्याचा माझा इरादा नाही. तोवर दक्षिणेतली सात राज्यं संघराज्यातून फुटलेली होती. ४० टक्क्यांहूनही कमी मतं मिळवून निवडून आलेला, प्रशासनाचा अनुभव जवळजवळ नसलेला हा वकील. २२ जुलै १८६२ ला त्याने मंत्रिमंडळापुढे गुलाममुक्तीच्या जाहीरनाम्याचा मसुदा वाचून दाखवला. परराष्ट्रमंत्री सीवर्ड म्हणाला, आपण लढाया हरतोय, आत्ता हे काढलंत तर बुडत्याची धडपड वाटेल, एखादा विजय मिळू द्या. लिंकनने कागद खणात ठेवला. सप्टेंबरात अँटिटमची लढाई झाली, दक्षिणेचा सेनापती ली याची चढाई परतवली गेली, आणि पाच दिवसांत जाहीरनामा बाहेर आला. १ जानेवारी १८६३ पासून तो लागू झाला.

आणि ४ मार्च १८६५ चं दुसरं शपथविधीचं भाषण बघा. युद्ध जिंकत आलेलं, समोर विजयाची भाषा ऐकायला जमलेली गर्दी. हा माणूस त्यांना सांगतो की गुलामगिरीच्या पापाची शिक्षा देव उत्तर आणि दक्षिण दोघांनाही देतो आहे. अडीचशे वर्षं फुकट राबवून घेतलेल्या श्रमांतून साठलेली संपत्ती बुडेपर्यंत, चाबकाने काढलेल्या रक्ताच्या थेंबाथेंबाची फेड तलवारीने काढलेल्या रक्ताने होईपर्यंत हे युद्ध चालावं अशी त्याची इच्छा असेल, तरी त्याचा न्याय खराच मानावा लागेल. चार वर्षांत एक माणूस "हात लावणार नाही" पासून इथवर आला. सत्तेवर असताना इतका लांब चाललेला दुसरा अध्यक्ष मला दिसत नाही.

---

जुना वाचक

सर, मांडणी आवडली, पण माझं मत वॉशिंग्टनला. घर वाचवणारा मोठा हे मान्य, पण आधी घर बांधायला कुणीतरी लागतो.

१७८३ चा मार्च. युद्ध संपत आलंय, सैन्याचे पगार थकलेत, न्यूबर्गच्या छावणीत अधिकारी काँग्रेसविरुद्ध, म्हणजे तिथल्या संसदेविरुद्ध, उठण्याच्या तयारीत. वॉशिंग्टन त्यांच्यासमोर उभा राहतो, खिशातून एक पत्र काढतो, वाचता येईना म्हणून चष्मा लावतो. त्याला चष्म्यात त्यांनी पाहिलेलं नव्हतं. तो म्हणतो, माफ करा, देशाच्या सेवेत केस पांढरे झाले आणि आता दिसेनासंही होत चाललंय. अधिकाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि बंड तिथेच विरलं. त्याच वर्षी २३ डिसेंबरला अ‍ॅनापोलिसमध्ये त्याने सेनापतिपदाचा राजीनामा दिला आणि शेतावर निघून गेला.

पुढे दोन वेळा अध्यक्ष झाला, दोन्ही वेळा एकूण एक निर्वाचकांनी त्याला मत दिलं. तिसऱ्यांदाही सहज झाला असता. १७९६ मध्ये निरोपाचा संदेश छापला आणि थांबला. कायदा नव्हता, सक्ती नव्हती. त्याने घालून दिलेला तो पायंडा १९४० पर्यंत कुणीही मोडू शकलं नाही. नव्या देशात पहिला माणूस काय करतो यावर पुढची शंभर वर्षं ठरतात. आपण विसाव्या शतकात स्वतंत्र झालेले किती देश पाहिले, जिथे मुक्तिलढ्याचा नायक मरेपर्यंत खुर्चीवरून उठलाच नाही!

---

वऱ्हाडी

जरा अवांतर, पण सर खानदेशचे आहेत म्हणून लिहितो. लिंकनचा आपल्या कापसाशी थेट संबंध आहे. एप्रिल १८६१ मध्ये त्याने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली, इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन रुई मिळेना, आणि मुंबईच्या बाजारात कापसाला सोन्याचा भाव आला. खानदेश-वऱ्हाडचा कापूस मिळेल त्या वाटेने मुंबईला चालला. त्या पैशावर मुंबईत बँका आणि भराव घालणाऱ्या कंपन्या पावसाळ्यातल्या छत्र्यांसारख्या उगवल्या. प्रेमचंद रायचंद यांनी राजाबाई टॉवरला देणगी दिली ती याच भरभराटीच्या काळात. एप्रिल १८६५ मध्ये जनरल ली शरण आला, भाव कोसळला आणि त्या उन्हाळ्या-पावसाळ्यात मुंबईचा शेअर बाजार मातीत गेला. कापसाच्या तेजीवर वाढलेलं कर्ज शेतकऱ्याच्या डोक्यावर राहिलं. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात सावकारांच्या वह्या जाळल्या गेल्या, त्याच्या अनेक कारणांत हेही एक होतं.

अध्यक्ष मोठा की लहान हे तुम्ही ठरवा. त्याच्या एका हुकुमाने आमच्याकडची दोन पिढ्यांची गणितं बदलली एवढं मात्र खरं.

---

पारिजात

वऱ्हाडीदादा, हे अवांतर नाही, फार मोलाचं आहे.

जुना वाचक, सत्ता सोडणाऱ्या वॉशिंग्टनबद्दल तुम्ही लिहिलंत. त्याच १७९६ सालची दुसरी गोष्ट सांगते. फिलाडेल्फियात अध्यक्षांच्या घरात ओना जज नावाची गुलाम मुलगी होती, वीस-बावीस वर्षांची. पेन्सिल्व्हेनियाच्या कायद्याने सहा महिने तिथे राहिलेला गुलाम मुक्त होऊ शकत असे, म्हणून वॉशिंग्टन आपल्या गुलामांना मुदत भरण्याआधी राज्याबाहेर नेऊन आणत असे. मे महिन्यात घरची मंडळी जेवायला बसलेली असताना ओना निघून गेली आणि जहाजाने न्यू हॅम्पशायरला पोचली. राष्ट्राध्यक्षाने तिला परत आणण्यासाठी माणसं पाठवली, ती गेल्यानंतर तीन वर्षांनीही प्रयत्न चालू होते. ती सापडूनही परत गेली नाही. मृत्युपत्रात त्याने स्वतःच्या मालकीच्या १२३ गुलामांना मुक्त करण्याची तजवीज केली हेही लिहायला हवं. पण ओना पत्नीच्या पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेतली, तिला त्यातही जागा नव्हती.

आता सर, तुमच्याकडे वळते. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिली आणि ती अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली. निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी जो निःस्वार्थ त्याग केला त्याच्या गौरवार्थ, आणि माझ्या देशबांधवांनी आपल्या शूद्र बांधवांच्या सुटकेसाठी तोच कित्ता गिरवावा या इच्छेने. ती अर्पणपत्रिका मी परत काढून वाचली. त्यात लिंकनचं नाव नाही! युनायटेड स्टेट्समधील सदाचारी लोक असं आहे. लिंकनला जाऊन तेव्हा आठच वर्षं झाली होती, नाव जगभर गाजत होतं. तरी जोतीरावांनी लोकांना अर्पण केली, आणि मला ते बरोबर वाटतं.

कारण लिंकन आपोआप बदलला नाही, त्याला बदलावं लागलं. मे १८६१ मध्ये, जाहीरनाम्याच्या कितीतरी आधी, तीन गुलाम रात्री होडी वल्हवत व्हर्जिनियातल्या मन्रो किल्ल्यावर आले. मालकाचा माणूस मागायला आला तेव्हा तिथल्या जनरलने त्यांना परत द्यायला नकार दिला. मग दहा आले, मग शंभर, मग हजारो. शेतं सोडून सैन्याच्या छावण्यांकडे चालत आलेल्या या माणसांनी प्रश्न राजधानीतल्या सरकारच्या टेबलावर नेऊन ठेवला. पुढे सुमारे १,८०,००० कृष्णवर्णीय सैनिक युनियनच्या, म्हणजे उत्तरेच्या, फौजेत लढले, तेही बराच काळ गोऱ्यांपेक्षा कमी पगारावर.

आणि जाहीरनाम्याने मुक्त कुणाला केलं? बंडखोर भागातल्या गुलामांना. केंटकी, मिसुरी, मेरीलँड, डेलावेअर ही गुलाम बाळगणारी राज्यं युनियनमध्ये होती, त्यांना वगळलं. ऑगस्ट १८६२ मध्ये ग्रीली या संपादकाला लिंकनने लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे: एकाही गुलामाला मुक्त न करता संघराज्य वाचवता आलं तर मी तसं करीन. फ्रेडरिक डग्लस स्वतः गुलामीतून निसटलेला. लिंकनच्या स्मारकाच्या अनावरणाला, १८७६ मध्ये, तो सरळ म्हणाला की लिंकन हा गोऱ्यांचा अध्यक्ष होता, तुम्ही गोरे त्याची लेकरं, आम्ही फार तर सावत्र.

---

दीपमाळ

फ्रँकलिन रूझवेल्टचं नाव अजून आलं नाही याचं आश्चर्य वाटलं. मी बँकेत नोकरी केली, त्यामुळे माझ्या डोळ्यांसमोर १९३३ चा मार्च येतो.

तो शपथ घेतो तेव्हा दर चार कामगारांतला एक बेकार. बँकांपुढे रांगा, लोक ठेवी काढून घरात ठेवतायत, बँकेमागून बँक बुडतेय. शपथेनंतर दोन दिवसांत त्याने देशातल्या सगळ्या बँका बंद ठेवायचा हुकूम काढला. काँग्रेसने तातडीने कायदा केला, कोणत्या बँका धडधाकट आहेत याची तपासणी सुरू झाली. १२ मार्चला, रविवारी रात्री, तो रेडिओवर बोलला. बँक म्हणजे काय इथपासून सुरुवात केली. तुम्ही पैसे ठेवता ते बँक तिजोरीत नुसते ठेवत नाही, कर्जाऊ देते, म्हणून सगळे एकदम मागायला आले तर चांगली बँकही देऊ शकत नाही, असं घरच्या माणसाला समजवावं तसं सांगितलं. गादीखाली ठेवण्यापेक्षा उघडलेल्या बँकेत तुमचा पैसा जास्त सुरक्षित आहे, हे त्याचे शब्द. सोमवारी बँका उघडल्या आणि लोक पैसे भरायला रांगेत उभे राहिले. ज्याने काउंटरच्या आत बसून घाबरलेले ठेवीदार पाहिलेत त्याला कळेल हे काय होतं. विश्वास नावाची गोष्ट कायद्याने निर्माण करता येत नाही, त्या माणसाने ती एका भाषणाने परत आणली, आणि त्याच वर्षी ठेवींना विम्याचं संरक्षणही दिलं.

१९३५ चा सामाजिक सुरक्षा कायदा, म्हातारपणची पेन्शन, बेकारी विमा. टेनेसी खोऱ्यातली धरणं आणि वीज. या टेनेसीचा आपल्याशी संबंध आहे: बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंडळात श्रम खातं सांभाळत होते, तेव्हा दामोदर खोऱ्याची योजना टेनेसीच्या धर्तीवर आकाराला आली. नदीचं पूरनियंत्रण, सिंचन, वीज सगळं एका प्राधिकरणाकडे देण्याची कल्पना तिथली. १९४८ मध्ये दामोदर खोरे महामंडळ झालं.

आणि हे सगळं कुणी केलं? एकोणचाळिसाव्या वर्षी पोलिओने ज्याचे पाय गेले त्या माणसाने.

---

पाऊलवाट

यादवीनंतर अध्यक्ष झालेल्या ग्रँटचं नाव कुणीच घेत नाही. १८७१ मध्ये काळ्यांवर हल्ले करणाऱ्या कु क्लुक्स क्लान या संघटनेविरुद्ध कायदा करवून घेतला, दक्षिण कॅरोलायनाच्या नऊ परगण्यांत फौज घालून क्लानचं कंबरडं मोडलं. सी-स्पॅनच्या यादीत २००० साली ३३ वा होता, २०२१ मध्ये २० वा. अध्यक्षपदानंतर जगप्रवासाला निघाला तेव्हा १८७९ मध्ये आपल्या मुंबईतही येऊन गेला. सर्वांत मोठा नसेल, पण इतकी वर्षं अन्याय झालेला नक्कीच.

---

न्यूजर्सीकर

मी १९७० च्या दशकात इथे आलो. माझं उत्तर लिंडन जॉन्सन, आणि कारण वैयक्तिक आहे, लपवत नाही.

१९४६ च्या कायद्याने भारतीयांना अमेरिकेत कायम राहायला येण्यासाठी वर्षाला १०० जणांचा कोटा होता. अख्ख्या देशातून शंभर! त्याआधी तर दारच बंद होतं. ३ ऑक्टोबर १९६५ ला जॉन्सनने स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या पायथ्याशी बसून नव्या कायद्यावर सही केली आणि देशागणिक भेदभाव करणारी ती पद्धत गेली. त्या सहीशिवाय मी, माझी बायको, आमच्या मंडळाच्या गणपतीला जमणारी शेकडो कुटुंबं, कुणीही इथे नसतं.

पण ते सोडून द्या. १९६४ चा नागरी हक्क कायदा आणि १९६५ चा मतदान हक्क कायदा हे दोन घ्या. मिसिसिपीत नोंदणी झालेले कृष्णवर्णीय मतदार शंभरात सातच्या आसपास होते, दोन-तीन वर्षांत ते निम्म्याहून जास्त झाले. लिंकनने सुरू केलेलं काम शंभर वर्षं अडकून पडलं होतं, ते टेक्सासच्या या दाक्षिणात्य माणसाने पुढे नेलं. त्याच वर्षी म्हाताऱ्यांसाठी मेडिकेअर हा सरकारी आरोग्य विमा. मी आज औषधं घेतो ती त्यावरच.

व्हिएतनामचं काय, असं तुम्ही विचारणार. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. पाच लाखांवर सैनिक तिथे पाठवले. त्या युद्धात अठ्ठावन्न हजार अमेरिकन मेले आणि व्हिएतनामी किती लाख. माझ्या पहिल्या नोकरीत शेजारच्या टेबलावरचा माणूस तिथून परतलेला होता. तो त्याबद्दल कधी बोलला नाही, मीही कधी विचारलं नाही. तरी मत बदलत नाही.

---

पारिजात

दीपमाळताई, बँकांचं वर्णन वाचताना अंगावर काटा आला. पण रूझवेल्टच्याच सहीने १९ फेब्रुवारी १९४२ चा हुकूम निघाला. सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना घरंदारं सोडायला लावून काटेरी कुंपणाच्या छावण्यांत डांबलं. त्यातले दोन तृतीयांश अमेरिकेचे नागरिक होते. आणि सामाजिक सुरक्षा कायद्यातून शेतमजूर आणि घरकामगार वगळले होते. दक्षिणेतल्या काळ्या माणसांच्या हाताला तेव्हा बहुतेक हीच कामं होती.

---

दीपमाळ

खरं आहे, त्याचं समर्थन मी करणार नाही. भारताच्या बाबतीत मात्र एक सांगते. मार्च १९४२ मध्ये त्याने चर्चिलला लिहिलं की भारतात तात्पुरतं सरकार बसवा, आमच्या तेरा राज्यांनी सुरुवातीला केलं तसं. लुई जॉन्सन नावाचा प्रतिनिधीही दिल्लीला पाठवला. चर्चिल भडकला. युद्ध चालू असताना रूझवेल्टने ते फार ताणलं नाही, आणि ऑगस्टमध्ये गवालिया टँकवरून आपले सगळे नेते तुरुंगात गेले. तो बोलला, पण अडून बसला नाही. त्याच जुलैत गांधीजींनी त्याला लिहिलं होतं की हिंदुस्थान आणि आफ्रिका इंग्लंडच्या टाचेखाली आणि तुमच्या घरात निग्रोंचा प्रश्न असताना स्वातंत्र्यासाठी लढतोय हे म्हणणं पोकळ वाटतं. ते पत्र वाचून त्याला काय वाटलं असेल, असं मला नेहमी वाटतं.

---

पाऊलवाट

मोजायचंच तर लिंकनलाही डकोटा सू या मूळनिवासी जमातीचा हिशेब द्यावा लागेल. २६ डिसेंबर १८६२, मँकॅटो, मिनेसोटा. एकाच चौथऱ्यावर ३८ जणांना फाशी. अमेरिकेच्या इतिहासातली सर्वांत मोठी सामूहिक फाशी ती, आणि यादीवर सही लिंकनची. गुलाममुक्तीच्या जाहीरनाम्याला तेव्हा सहा दिवस उरले होते.

---

सातपुडा

चार दिवस उत्तर दिलं नाही, कारण पारिजातताईंचा प्रतिसाद मनात घोळत होता. अर्पणपत्रिका मीही परत वाचली. ताई, तुमचं बरोबर आहे. अठ्ठावीस वर्षं मी वर्गात "लिंकनने गुलामांना मुक्त केलं" असं सांगितलं. मन्रो किल्ल्यावर होडीने आलेल्या त्या तिघांबद्दल एकदाही सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

पाऊलवाट, लष्करी न्यायालयाने ३०३ जणांना फाशी ठोठावली होती, काही खटले तर काही मिनिटांत उरकलेले. लिंकनने एकेक प्रकरण तपासायला लावलं आणि यादी ३८ वर आणली. जास्त फाशी दिली असती तर मिनेसोटात जास्त मतं मिळाली असती असं पुढे त्याला सांगितलं गेलं, त्यावर मतांसाठी माणसं लटकावणं मला परवडणारं नाही असं तो म्हणाल्याची नोंद आहे. पण ३८ म्हणजे ३८, आणि त्या लोकांची जमीन गेली ती गेलीच. ते पुसता येत नाही.

आता डग्लस. ताई, त्या १८७६ च्या भाषणात सावत्र लेकरांनंतर तो आणखी काही म्हणतो. खऱ्या गुलामगिरीविरोधकाच्या जागेवरून पाहिलं तर लिंकन रेंगाळणारा, थंड, मठ्ठ आणि बेफिकीर वाटतो. पण ज्या देशाचं मन त्याला राज्यकर्ता म्हणून सांभाळायचं होतं त्या देशाच्या मापाने मोजलं, तर तो वेगवान, तळमळीचा, जहाल आणि निश्चयी होता. हे दोन्ही एकाच माणसाने, एकाच श्वासात म्हटलंय. मला यातलं एक उचलून दुसरं टाकता येत नाही.

आणि जुना वाचक, सत्ता सोडण्याबद्दल. ऑगस्ट १८६४ चा एक आठवडा बघा. युद्ध रखडलंय, माणसं किड्यामुंगीसारखी मरतायत, नोव्हेंबरात निवडणूक. लिंकन हरणार असं त्याच्याच पक्षातले सांगतायत. समोर उमेदवार होणार मॅक्लेलन, लिंकननेच बडतर्फ केलेला सेनापती, आणि त्याचा पक्ष वाटाघाटींची भाषा बोलतोय. यादवी चालू आहे म्हणून निवडणूक पुढे ढकला, असं म्हणता आलं असतं. त्याने ढकलली नाही. २३ ऑगस्टला त्याने एक कागद घडी घालून चिकटवला आणि मंत्र्यांना न वाचता मागे सह्या करायला लावल्या. आत लिहिलं होतं: मी निवडून येण्याची शक्यता फार कमी दिसते. तसं झालं तर नव्या अध्यक्षाशी सहकार्य करून, त्याने शपथ घेण्याआधी संघराज्य वाचवणं हे माझं कर्तव्य राहील.

त्याच्या चारच दिवस आधी, १९ ऑगस्टला, त्याने डग्लसला बोलावून घेतलं होतं. त्याला म्हणाला, मी हरलो तर जाहीरनाम्याचं काय होईल सांगता येत नाही, त्याआधी जितके गुलाम दक्षिणेतून आपल्या हद्दीत आणता येतील तितके आणायची योजना कर. सप्टेंबरात अटलांटा पडलं, निवडणूक तो जिंकला, त्या योजनेची गरज राहिली नाही. पण हातात सत्तेचे सहाच महिने उरले असं वाटत असताना माणूस काय करतो? एका हाताने ती शांतपणे देऊन टाकायची तयारी, दुसऱ्या हाताने शक्य तितक्या माणसांना त्याआधी बाहेर काढायची धडपड. वॉशिंग्टनचा गुण त्याच्यात होता, आणि ओना जजच्या बाबतीत वॉशिंग्टनला जे जमलं नाही तेही. म्हणून माझं मत अजून तिथेच आहे.

---

पारिजात

सर, तुम्ही हे लिहिलंत म्हणून मीही एक लिहिते, डग्लसच्या आत्मचरित्रातलं. ४ मार्च १८६५, तुम्ही वर दिलेलं ते भाषण झालं त्याच रात्री व्हाइट हाउसमध्ये स्वागतसमारंभ होता. डग्लस गेला तर दारावरच्या पोलिसांनी त्याला अडवलं, काळ्या माणसाला आत सोडायचं नाही म्हणून. त्याने आत जाणाऱ्या एकाकडे निरोप दिला. निरोप पोचताच त्याला आत घेतलं. लिंकनने गर्दीतून त्याला पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "हा माझा मित्र डग्लस आला." मग विचारलं, भाषण कसं वाटलं? डग्लस म्हणाला, लोक खोळंबलेत, तुम्हाला भेटायला थांबलेत. लिंकन म्हणाला, थांब जरा, या देशात तुझ्या मताइतकं मोल मला दुसऱ्या कुणाच्या मताचं नाही. डग्लस म्हणाला, "तो एक पवित्र प्रयत्न होता."

पुढच्याच महिन्यात लिंकन गेला.

अर्पणपत्रिकेच्या बाबतीत मी जोतीरावांबरोबर. पण पुढच्या वेळी कुणा मुलाने विचारलं तर दारावरचा पोलीस आणि आतला लिंकन, दोघांबद्दलही सांगेन.